दहा वजा करायचे राहिले

परंडा

चिपळूणच्या माणसाने परंड्याला निघतो म्हटलं की लोक विचारतात, "तिकडे काय आहे?" गेली तीन वर्षं मीही स्वतःला हाच प्रश्न विचारून जायचं टाळत होतो. खरं उत्तर मला माहीत होतं. तिकडे अण्णा होते, अंथरुणावर.

पस्तीस वर्षांपूर्वी भूकरमापक, म्हणजे जमिनीची मोजणी करणारा, म्हणून माझी परंड्याला नेमणूक झाली, तेव्हा शेजारच्या खोलीत अण्णा राहायचे. शाळेत खेळाचे शिक्षक होते. माणूस बांबू उडीचा वेडा. हातात लांब काठी घेऊन धावायचं, ती समोरच्या खाचेत रोवायची आणि तिच्या जोरावर उंच लावलेला आडवा बार ओलांडायचा, एवढाच तो खेळ. पण अण्णा त्याबद्दल बोलायला लागले की चहा थंड व्हायचा. पुढे त्यांनी आपल्या गावी, परंड्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर, शेताच्या एका पट्ट्यावर क्लबच काढला. शिकवायला सगळं घर. आधी अण्णा, मग मुलगा दिनकर, मग सून सुरेखा. सुरुवातीला मी दोन-चार वर्षांनी एखादी चक्कर टाकायचो. नंतर पत्रं, नंतर फोन. तीन वर्षांपूर्वी दिनकरचाच फोन आला, की अण्णांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी "येतो, येतो" म्हणालो. मग काजूचा हंगाम आला, मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग पुतण्याचं लग्न. कारणं मी कुठूनही काढू शकतो, शासकीय नोकरीत त्याचा सराव झालेला असतो.

शेवटी या जानेवारीत गेलो. कुर्डुवाडीहून एसटी धरली. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना ज्वारी, आणि झाडं कुठेतरी एक, मग बराच वेळ काही नाही. आमच्याकडे डोंगर नजर अडवतो. इथे काही अडवायलाच नाही, त्यामुळे मला उगाच उघड्यावर पडल्यासारखं झालं.

परंड्याच्या स्टँडवर दिनकर मोटरसायकल घेऊन उभा होता. चाळिशीकडे आलाय, कानशिलं पिकलीत. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मोजणीकाका, लई उशिरा आलाव."

गाडीला उशीर झाला होता, तसं मी सांगितलं. त्याने मोटरसायकलला किक मारली.

अण्णांचं घर

घरात शिरताना डोकं वाचवावं लागलं. ओसरीच्या तुळयांना दोन दोऱ्यांनी एक लांब काठी आडवी टांगलेली होती, प्लॅस्टिकच्या पाइपात घातलेली. क्लबची एकुलती एक फायबरची काठी. बाकी मुलं बांबूवरच शिकतात, हात बसला की मग हिच्यावर. त्या काठीवर ओला टॉवेल टाकायला घरात बंदी आहे, हे मला टॉवेल टाकल्यावर कळलं. सुरेखाने तो उचलून दोरीवर नेला.

अण्णा खिडकीजवळच्या खाटेवर होते. मला पाहिलं आणि तोंडातून नुसता आवाज निघाला. डाव्या हाताने माझं मनगट धरलं ते सोडेचनात. कधीकाळी हा माणूस पाच मिनिटांत दहा विषय बोलायचा. मी खूप वेळ एकटाच बोलत राहिलो, पावसाबद्दल, काजूबद्दल, कशाहीबद्दल. लाज वाटत होती.

"त्यांना समदं कळतंय," सुरेखा म्हणाली, "निस्तं सांगता येत न्हाय. पाटी दिली व्हती, पर रेघोट्याच वढतात."

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि कच्चा कांदा. कोकणातला पाहुणा म्हणून शेवटी भातही केला होता. त्या भाताची खीर झाली होती, पण मी दोनदा घेतला. सुरेखा बाकी सगळं नेमकं करते. कुठल्या पोरीचं कितवं पाऊल कुठे पडतं हे तिला तोंडपाठ आहे. शाळेत असताना ती स्वतः कधी धावलेली नाही. लग्न होऊन आली आणि सासऱ्याच्या हाताखाली शिकली.

भिंतीवर ऑइलपेंटने नावं आणि उंच्या लिहिल्या होत्या. सगळ्यात वर "मंगल – ३.०५". मंगल म्हणजे अण्णांचं शेंडेफळ. मी तिला फ्रॉकमध्ये पाहिली होती.

"मंगल कशी आहे?" मी विचारलं.

"वाशीला दिली," दिनकर म्हणाला. ही वाशी मुंबईकडची नव्हे, याच जिल्ह्यातली. "बरी असंल."

बहिणीबद्दल माणूस "असेल" म्हणाला, हे मला खटकलं. सुरेखाने भांडी उचलली.

पट्टा

सकाळी थंडी चांगलीच होती. पट्टा अण्णांच्या खिडकीसमोरच. तिथे गेलो तर आठ-दहा मुली हातात काठ्या घेऊन पोती बडवत होत्या. उडी मारून पडायला इथे मॅट नाही. बारदानाच्या पोत्यांत सोफावाल्याकडचे फोमचे तुकडे भरून, ती एकमेकांना शिवून गादी केलीय. तिच्या सांदीत विंचू येऊन बसतात. म्हणून रोज सरावाआधी गादी बडवायची, उलथायची आणि मगच काठीला हात लावायचा. आमच्याकडे व्यायामशाळेत मारुतीला नमस्कार करतात. इथे विंचू बघतात. सकाळी दोन निघाले.

या मुलींत पल्लवी होती. नाव बदललंय. सोळा वर्षांची, हाडकुळी, बोलायला फटकळ. लातूरला चार दिवसांनी निवड चाचणी होती. पावणेतीन मीटर ओलांडणाऱ्या मुलीला क्रीडा वसतिगृहात जागा, राहणं-शिकणं सगळं तिकडे. यंदा नाही झालं तर काठी बंद, असं तिच्या घरच्यांनी बजावून ठेवलं होतं.

"व्हतंय की," दिनकर म्हणाला. "दोन ऐंशी रोज मारायलीय ती. चाचणीला पैल्यांदाच पावणेतीन मागायचं. खालच्या उड्या मारून दम कशाला घालवायचा?"

दोन लोखंडी पाइपांवर बार लावलेला होता. पाइपांवर लाल रंगाने रेघा आणि आकडे. दिनकरने दोन ऐंशीला बार लावला. पल्लवी धावली, काठी वाकली, ती वर गेली आणि बारावरून अलगद पलीकडे पडली. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. पण डोळा मात्र त्या पाइपावर अडकला होता.

नोकरीत माणसाला आपल्या अंगाची मापं पाठ होतात. टाचा टेकून उजवा हात ताठ वर केला की माझं मधलं बोट दोन मीटर दहाला लागतं. तीस वर्षं लागत आलंय. मुली पाणी प्यायला गेल्या तेव्हा मी सहज पाइपाला पाठ लावून हात वर केला. बोट दोन वीसच्या रेघेवर.

म्हातारपणी माणूस खुजा होतो. मी दहा सेंटिमीटर वाढलो असं कोणी म्हणालं तर बायकोही हसेल.

"दिनकर, या रेघा कशाने मारल्या?"

"अण्णांच्या टेपनं. ते रोज टेप लावूनच मोजायचे. लकवा मारल्यावर म्याच एकदा रेघा मारून घेतल्या, दरदिवशीची कटकट नको म्हणून." मग त्याने आत हाक मारली, "सुरेखा, टेप आण गं. काकांना बघायचीय."

सुरेखाने ती कापडात गुंडाळून आणली, देवघरातून आणावी तशी. गोल चामडी घर, पितळी मूठ. मी ती हातात घेतली आणि उलटी केली. चामड्यावर माझ्या नावाची दोन अक्षरं कोरलेली होती.

ही टेप मीच अण्णांना दिली होती, बदलीच्या वेळी. माझी स्वतःची, विकत घेतलेली. एका मोजणीत तिच्यावरून बैलगाडीचं चाक गेलं आणि सुरुवातीचे दहा सेंटिमीटर तुटले. मी नवी घेतली आणि जुनी अण्णांना दिली, लांब उडीचा खड्डा आखायला. म्हणालो होतो, "जे येईल त्यातून दहा वजा करायचे. विसरू नका." अण्णा हसून म्हणाले होते, "माझ्याच्यानं विसरायचं न्हाय."

ते विसरले नाहीत. जन्मभर मनातल्या मनात दहा वजा करत राहिले. पण कोणाला सांगायचं राहिलं. तुटलेल्या धारेने कुणाचं बोट कापलं असेल, म्हणून त्यांनी टोकाला काळी पट्टी जाड गुंडाळली होती. त्या पट्टीखाली टेप दहापासून सुरू होते, हे जगात दोघांनाच माहीत होतं. एकाची वाचा गेली आणि दुसरा चिपळूणला काजू मोजत बसला.

दिनकरने माझ्यासमोर हौसेने एकदा मोजून दाखवायला टेप ताणली. खिडकीतून अण्णांचा आवाज आला. खाटेच्या कडेवर डावा हात आपटल्याचा आवाज, आणि रडणं.

"मोजायला लागलं की रडतात बघा," दिनकर म्हणाला. "तीन वरसं झाली. लई जीव व्हता ना ह्याच्यात. डॉक्टर म्हणले, या आजारात माणूस हळवं व्हतंय."

मी टेप गुंडाळली.

किल्ला

दुपारी मी परंड्याचा किल्ला बघायला गेलो. खरं सांगायचं तर पळून गेलो. खंदक, बुरूज, एक दांडगी तोफ. कोकणातले किल्ले बघताना निदान समुद्र असतो सोबतीला. तोफेच्या सावलीत बसलो आणि हिशेब केला. पल्लवीची दोन ऐंशी म्हणजे दोन सत्तर. लातूरला ती पहिल्यांदाच पावणेतीन मागणार, आणि तीन उड्या फुकट गेल्या की संपलं.

न सांगता परत गेलो तर? कोणाला कळणार होतं? पोरगी हरली असती, पण पोरी हरतातच. असं मी अर्धा तास तरी स्वतःला सांगत बसलो, हे इथे लिहून ठेवतो.

मग बाजारात गेलो आणि नवी टेप घेतली.

घरी आल्यावर आधी अण्णांच्या खाटेजवळ बसलो. दोघंच होतो. जुनी टेप त्यांच्या छातीवर ठेवली आणि म्हणालो, "अण्णा, दहा वजा करायचे राहिले ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मला नजर वळवावी लागली. मग डोळे मिटले आणि डावा हात टेपवर ठेवला. खालच्या ओठातून लाळ आली ती मी पुसली. मला हुंदका आवरला नाही.

दिनकरला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. मग चिडला, "काका, तुमचं कायतरी चुकतंय." मी काळी पट्टी सोडली. ती तीन-चार थरांची होती, चिकट झाली होती. खालून पत्र्याचं तुटकं टोक निघालं, आणि त्यावर पहिला आकडा अकरा.

दिनकर तो आकडा बघत राहिला. सुरेखा दारात उभी होती. तिला आधी सुचलं.

"म्हंजी मंगलताईची उडी..." ती म्हणाली आणि थांबली.

मग दोघांकडून मला सगळं समजलं. अण्णा आजारी पडल्याच्या पुढच्या वर्षी मंगल राज्याच्या निवड चाचणीला गेली होती. घरी तीन मीटर रोज मारायची, म्हणून दिनकरने तिला सुरुवातच तीन मीटरवर करायला लावली. तीन उड्या, तिन्ही फुकट. एकही उंची नावावर नाही. परत आल्यावर याच पट्ट्यावर, सगळ्या मुलींसमोर, दिनकरने तिच्या हातातली काठी काढून घेतली होती.

"काय म्हणालास तिला?" मी विचारलं.

"तुझ्यात दमच न्हाय म्हणलो." तो खाली बसला. "त्याच सालात लगीन लावलं. तवापासून आली न्हाय ती. अण्णांना बघायलासुदिक न्हाय."

तिच्यामागून आणखी दोघी चाचणीला गेल्या, दोघी हरल्या. बाहेरच्या मॅटवर आपल्या पोरी बिचकतात, असं या घराने ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी आम्ही पाइपांवरच्या रेघा पॉलिश पेपरने घासून काढल्या आणि नव्या टेपने नव्या मारल्या. पल्लवी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"म्हंजी आजपतोर म्या मारायली ती दोन सत्तर व्हय?"

"व्हय," दिनकर म्हणाला.

"अन् पायजेत पावणेतीन."

"व्हय."

"तीन दिसात?"

दिनकर नव्या रेघेवर बार लावायला वळला. ती काठी घेऊन धावपट्टीच्या टोकाला गेली.

लातूर

पिकअपमध्ये काठी मावत नाही. अर्धी मागे बाहेर, टोकाला लाल फडकं. पल्लवी आणि सुरेखा मागे काठी धरून बसल्या, मी दिनकरजवळ पुढे. रस्त्यात हुरडा घेतला. कोणी खाल्ला नाही.

चाचणीचं लांबण लावत नाही. पल्लवीने दोन साठपासून सुरुवात केली, पहिल्याच उडीत पार झाली. दोन सत्तरला एकदा बार पाडला, दुसऱ्यांदा ओलांडला. पावणेतीनला तीन उड्या मिळाल्या. तिसऱ्या वेळी ती पूर्ण वर होती, पलीकडे होती, आणि उतरताना छातीचा ओझरता धक्का लागला. बार किंचित हलत राहिला. मग पडला.

वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव आलं नाही.

ती गादीवरून उठून आली, मान खाली. बोलणी बसणार या तयारीने खांदे आखडले होते. दिनकर तिच्यासमोर उभा राहिला.

"घरी जेवढी मारतीस तेवढीच मारलीस," तो म्हणाला. "चुकली न्हाईस तू."

पल्लवीने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. तिला असं काही ऐकायची सवय नव्हती. मग ती काठीवर कपाळ टेकून रडली, मोठ्याने, आणि सुरेखा तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. काठी बंद होणार होती. त्यात कुणाला काही करता येणार नव्हतं. दिनकर तिच्या घरी जाऊन बोलणार होता, पण त्याने आधीच ओळखलं होतं की उपयोग नाही.

वाशी

परतीला येडशीच्या पुढे दिनकरने गाडी वाशीकडे घातली.

मंगलचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं, स्वच्छ सारवलेलं. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. भावाला दारात बघून उठली नाही. "या," म्हणाली, आणि हातातली भाकरी तव्यावर टाकली. मला तिने ओळखलं. "मोजणीकाका व्हय? तुमी कवा आलाव?"

दिनकर दारातच उभा राहिला. तोंड उघडायचा आणि मिटायचा. अगदी बापासारखा दिसत होता. शेवटी मीच खाली बसलो आणि सांगितलं. टेप कोणाची, कशी तुटली, दहा कुठे गेले. तिने त्या चाचणीला मागितलेले तीन मीटर म्हणजे घरच्या रेघेवरचे तीन दहा होते आणि तेवढी उडी तिने जन्मात मारली नव्हती, कोणी तिला मारायला सांगायला नको होतं. मी तीन वर्षांपूर्वी आलो असतो तर पहिल्या दिवशी कळलं असतं, हेही सांगितलं.

ती ऐकत भाकरी उलटत होती. मग तिचं लक्ष मागे उभ्या असलेल्या पल्लवीकडे गेलं.

"किती मारलीस?"

"दोन सत्तर."

"अन् घरी?"

"घरीबी दोन सत्तर."

"मग बरं हाय," मंगल म्हणाली.

दिनकरला आता बोलणं फुटलं. "मंगल, माझं चुकलं. तुझ्यात दम..."

ती त्याच्याकडे वळलीच नाही. मला विचारलं, "काका, अण्णांना समदं ठावं व्हतं?"

"होतं. पहिल्या दिवसापासून. म्हणूनच मोजायला लागलं की रडायचे. सांगता येत नव्हतं त्यांना."

तिचा हात थांबला. तव्यावरच्या भाकरीला धूर सुटला, तरी ती तशीच बसून होती. सुरेखाने पुढे होऊन तवा उतरवला.

"म्या हरून आले त्या दिशी लई रडले हो ते," मंगल म्हणाली. "खाटंवर हात आपटू आपटू रडले. मला वाटलं, माझं तोंड बघून रडायलेत. म्हणून म्या परत गेलेच न्हाय."